मालवाहू विमानांचा शिल्पकार

रशियातील व्होल्गा नदी फार विशाल आहे. तिच्या काठी सारातोव्ह नावाचे एक जुने नगर आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या नगरात एक कृश प्रकृतीचा मुलगा राहत असे. त्याचे नाव ओलेग आन्तोनोव्ह. त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १९०६ रोजी मॉस्कोजवळच्या एका खेड्यात झाला होता. तो सहा वर्षांचा असताना आन्तोनोव्ह कुटुंब सारातोव्हला येऊन राहिले.

त्या काळी विमान ही जगातील सर्वांत नवी नवलाई होती. ब्लेरिओ नावाच्या फ्रेंच वैमानिकाने १९०९ मध्ये आपल्या छोट्याशा विमानातून फ्रान्स आणि इंग्लंड यांमधील समुद्र ओलांडला होता. ओलेगचा एक थोरला चुलतभाऊ मॉस्कोहून घरी येई, तेव्हा तो अशा साहसांच्या गोष्टी सांगत असे. वडील माणसे त्या गोष्टी ऐकत आणि विसरून जात. ओलेगच्या मनात मात्र त्या घर करून राहिल्या. रात्री अंथरुणावर पडल्यावरही त्याच्या डोळ्यांपुढून ते चिमुकले विमान हलत नसे.

ओलेगच्या आईवडिलांना त्याचे हे वेड पसंत नव्हते. वडील इमारती बांधणारे स्थापत्यविशारद होते. मुलाने काही भरीव विद्या शिकावी, असे त्यांना वाटे. घरात त्याची बाजू घेणारे एकच माणूस होते. ते म्हणजे त्याची आजी. विमानाची पहिली छोटी प्रतिकृती तिनेच त्याला आणून दिली. पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ओलेगची आई जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी रुग्णालयात जाऊ लागली. तेथे रोगाचा संसर्ग होऊन तिचा अंत झाला. आईवेगळ्या ओलेगला आजीने पोटाशी धरले आणि त्याचे स्वप्नही तिने तितक्याच मायेने जपले.

तेराव्या वर्षी ओलेगने आपल्या सवंगड्यांना जमवून विमानप्रेमी मुलांचे एक मंडळ काढले. मंडळाचे एक मासिकही निघू लागले. त्याचा संपादक ओलेग, लेखक ओलेग, चित्रकार ओलेग आणि सुवाच्य अक्षरात ते लिहून काढणाराही ओलेगच! वर्तमानपत्रांतील कात्रणे, विमानांची चित्रे, त्यांची मोजमापे, मित्रांनी केलेल्या कविता असे सर्व काही त्यात असे. निरनिराळ्या विमानांची लांबी, रुंदी आणि वजन लिहून काढता काढता ओलेगच्या मनात विमानशास्त्राचा पाया घातला जात होता.

एवढ्यात एक अडचण उभी राहिली. ओलेग चौदा वर्षांचा असताना त्याची शाळा बंद पडली. दुसऱ्या शाळेत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नव्हता. ओलेगची थोरली बहीण त्या शाळेत शिकत होती. ओलेग तिच्याबरोबर जाऊ लागला. वर्गात शिरावे, सर्वांत मागच्या बाकावर मुकाट्याने बसावे आणि शिक्षक सांगतील ते लक्ष देऊन ऐकावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. हळूहळू सर्वांना त्याची सवय झाली. त्याला तेथून उठून जाण्यास कोणी सांगितले नाही. दोन वर्षांनी तो इतर विद्यार्थ्यांबरोबर ती शाळा उत्तीर्ण झाला.

आता वैमानिक व्हावे, म्हणून त्याने वैमानिकांच्या विद्यालयात अर्ज केला. परंतु त्याची प्रकृती अशक्त ठरली व अर्ज नामंजूर झाला. ज्या एका गोष्टीचा त्याने लहानपणापासून ध्यास घेतला होता, तिचाच दरवाजा त्याच्यासमोर बंद झाला. असा प्रसंग आला म्हणजे पुष्कळांची उमेद खचते. ओलेगने मात्र निराळा विचार केला. विमान चालविण्याचे भाग्य लाभणार नसेल, तर विमान तयार करावे, असे त्याने ठरविले.

सारातोव्हमधील तरुणांच्या साहाय्याने त्याने एक ग्लायडर बांधावयास घेतले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. उंचावरून सोडले असता ते वाऱ्याच्या आधाराने घारीप्रमाणे तरंगत जाते. ओलेगने आपल्या ग्लायडरला पारवा या अर्थाचे रशियन नाव दिले. १९२४ मध्ये क्रिमियातील कोक्तेबेल या गावी ग्लायडरांचा मेळावा भरला. तेथे जाण्यासाठी हा लाकडी पारवा आगगाडीच्या मालडब्यात चढविण्यात आला. एवढा खटाटोप करून नेलेला तो पारवा तेथील टेकड्यांवर फारसा उडाला नाही. तथापि त्याच्या रचनेतील स्वतंत्र कल्पना परीक्षकांच्या नजरेत भरली आणि ओलेगला प्रशस्तिपत्र मिळाले. या मेळाव्यात पुढे नामांकित झालेले अनेक तरुण विमानरचनाकार त्याला भेटले. आपण एकटे नाही, हे त्याला कळले.

पुढे त्याने लेनिनग्राडच्या तंत्रविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९३० मध्ये तो पदवीधर झाला. लवकरच मॉस्कोजवळच्या ग्लायडरांच्या कारखान्यात मुख्य रचनाकाराची जागा त्याला मिळाली. येथून पुढे ओलेगचे आन्तोनोव्ह झाले.

या कारखान्यात आन्तोनोव्हांनी वीसहून अधिक प्रकारची ग्लायडरे तयार केली. नवशिक्यांसाठी त्यांनी रचलेली साधी ग्लायडरे हजारोंच्या संख्येने बांधली गेली आणि असंख्य तरुण त्यांवर उड्डाणाचे पहिले धडे शिकले. १९३९ मध्ये ओल्गा क्लेपिकोव्हा या तरुणीने त्यांच्या एका ग्लायडरमधून ७४९ किलोमीटरांचे अंतर कापले. इंजिन नसताना, केवळ वर चढणाऱ्या उबदार हवेच्या प्रवाहांचा शोध घेत तिने हा प्रवास केला. तिचा हा जागतिक उच्चांक दहा वर्षांहून अधिक काळ अबाधित होता.

ग्लायडर बांधणाऱ्याला एक गोष्ट कधीही विसरून चालत नाही. त्याच्याजवळ इंजिनाची शक्ती नसते. म्हणून वजनाचा प्रत्येक तोळा वाचवावा लागतो आणि वाऱ्याचा प्रत्येक झोत उपयोगात आणावा लागतो. थोड्या साधनांत पुष्कळ काम कसे करावे, हा धडा आन्तोनोव्ह येथे शिकले.

दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा त्यांच्या या विद्येला निराळे काम मिळाले. शत्रूने व्यापलेल्या प्रदेशातील अरण्यांत लपून लढणाऱ्या देशभक्तांना दारूगोळा पोहोचविणे आवश्यक होते. त्यासाठी आन्तोनोव्हांनी सात सैनिक किंवा तेवढे सामान नेणारे ग्लायडर तयार केले. मोठे विमान त्याला दोराने ओढून नेई आणि ठरलेल्या जागी सोडून देई. मग ते अंधारात, आवाज न करता, रानातील एखाद्या मोकळ्या जागेवर उतरे.

याच काळात त्यांनी एक विलक्षण प्रयोगही केला. सुमारे सहा टन वजनाच्या एका लहान रणगाड्याला त्यांनी लाकडी पंख बसविले. १९४२ मध्ये एका बाँबफेकी विमानाने तो पंखांचा रणगाडा खरोखरच आकाशात नेला. परंतु त्याला ओढताना विमानाची इंजिने अतिशय तापली आणि रणगाडा लवकर सोडून द्यावा लागला. आत बसलेल्या अनोखिन नावाच्या कुशल वैमानिकाने तो सुखरूप जमिनीवर उतरविला व चालवीत तळावर परत आणला. तो ओढण्याइतके समर्थ विमान उपलब्ध नसल्यामुळे ही योजना पुढे सोडून देण्यात आली. जड वस्तू हवेतून कशी न्यावी, हा विचार मात्र आन्तोनोव्हांच्या मनातून गेला नाही.

त्यांच्या मनात आणखी एक कल्पना पुष्कळ दिवस घोळत होती. रशिया हा अफाट देश. हजारो गावांना नीट रस्ता नव्हता. हिवाळ्यात बर्फ आणि वसंतात चिखल, यांमुळे गाडी जाणे अशक्य होई. अशा गावी औषध पोहोचवावे, टपाल न्यावे, रोग्याला दवाखान्यात आणावे, पिकावर औषध फवारावे, ही सर्व कामे करणारे एक साधे विमान असावे, असे त्यांना वाटे. युद्धापूर्वीच त्यांनी तसा आराखडा तयार करून दाखविला होता. परंतु त्या वेळी सर्वांचे लक्ष वेगाकडे होते. या विमानाचा वेग फार कमी आहे, म्हणून तो आराखडा नाकारण्यात आला.

युद्धाच्या अखेरच्या वर्षांत आन्तोनोव्ह हे याकोव्लेव्ह या प्रसिद्ध रचनाकाराचे प्रमुख साहाय्यक होते. वेगवान लढाऊ विमानांच्या कामात त्यांना मान होता आणि स्थैर्यही होते. तथापि युद्ध संपताच त्यांनी आपला जुना आराखडा पुन्हा बाहेर काढला. याकोव्लेव्हनेही या विमानाच्या बाजूने आपले मत दिले. १९४६ मध्ये सैबेरियातील नोव्होसिबिर्स्क या नगरात आन्तोनोव्हांना स्वतंत्र रचनाशाळा मिळाली.

सैबेरियातील हिवाळा अत्यंत कडक असतो. युद्धामुळे देशात प्रत्येक वस्तूची टंचाई होती. आन्तोनोव्हांच्या हाताखाली अनुभवी माणसे थोडी होती आणि नुकतीच शिक्षण संपवून आलेली मुलेमुली पुष्कळ होती. त्यांना सोबत घेऊन त्यांनी कामास आरंभ केला. ३१ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांचे विमान प्रथमच आकाशात उडाले. आन्तोनोव्ह या नावाच्या आद्याक्षरांवरून पुढे त्याला ‘आन-२’ असे नाव मिळाले.

हे विमान पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. त्याला एकावर एक असे पंखांचे दोन मजले होते. अशी रचना जुन्या काळची मानली जात असे. जगात जेट विमानांचे युग सुरू होत असताना हे पुढे एकच पंखा गरगरवीत जाणारे दुमजली विमान कोणाला हवे, असा प्रश्न विचारला जाई. परंतु आन्तोनोव्हांनी ही रचना समजून उमजून स्वीकारली होती. पंख अधिक असले, म्हणजे विमान कमी वेगातही हवेत तरते. पंखांच्या पुढच्या कडेला त्यांनी लहान झडपा बसविल्या होत्या. विमान फार मंद झाले, की त्या आपोआप उघडत आणि विमानाला सावरून धरीत. त्यामुळे दोनशे मीटर लांबीचे गवताचे मैदान त्याला उड्डाणास पुरे होई. दूरच्या गावी इंधन भरण्याची सोय नसते, हे ओळखून पिंपातून इंधन ओढून घेणारा पंपही विमानातच ठेवलेला होता. चाकांच्या जागी घसरपट्ट्या लावल्या, की ते बर्फावर उतरे आणि तरंगणारे पाट लावले, की पाण्यावर उतरे.

एक हजार अश्वशक्तीच्या एकाच इंजिनावर हे विमान बारा प्रवासी किंवा दीड टन माल घेऊन जाई. मक्याच्या शेतांवरून फवारणी करताना ते नेहमी दिसे, म्हणून लोकांनी त्याला मक्याच्या नावावरून एक लाडके नाव दिले. रशिया, युक्रेन, पोलंड आणि चीन या देशांत मिळून अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. वेग कमी म्हणून नाकारलेले ते विमान पुढे अनेक दशके बांधले जात राहिले आणि त्याच्या मागून आलेली कित्येक वेगवान विमाने मात्र केव्हाच संग्रहालयांत जाऊन बसली.

१९५२ मध्ये आन्तोनोव्हांची रचनाशाळा कीव्ह येथे आली. हे नगर आज युक्रेनची राजधानी आहे. त्या काळी युक्रेन व रशिया हे दोन्ही सोव्हिएत संघाचे भाग होते. येथे आन्तोनोव्हांनी मोठ्या मालवाहू विमानांकडे लक्ष वळविले. १९५७ मध्ये त्यांचे चार इंजिनांचे ‘आन-१२’ हे विमान उडाले. त्याचे पंख शरीराच्या वरच्या बाजूस जोडलेले होते. त्यामुळे इंजिनांचे पंखे धूळ आणि खडे यांपासून दूर राहत आणि विमानाचे पोट जमिनीलगत येई. शेपटीखालचे मोठे दरवाजे उघडले, की मोटारगाडीदेखील सरळ आत नेता येई.

या विमानाशी भारताचाही संबंध आला. भारतीय वायुदलाने १९६१ पासून आन-१२ विमाने वापरण्यास आरंभ केला. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले, तेव्हा लडाखमधील चुशूल येथे रणगाडे पोहोचविण्याची निकड निर्माण झाली. चुशूलची उंची चार हजार मीटरहून अधिक. तेथील हवा इतकी विरळ, की माणसाला दम लागतो आणि इंजिनाचीही शक्ती घटते. भारतीय वैमानिकांनी आन-१२ मध्ये रणगाडे चढविले आणि ते त्या उंच धावपट्टीवर नेऊन उतरविले.

१९६५ मध्ये आन्तोनोव्हांनी याहूनही प्रचंड विमान उडवून दाखविले. ग्रीक पुराणात आन्तेय नावाचा एक राक्षस आहे. धरणीमातेचा स्पर्श झाला, की त्याचे बळ वाढत असे. त्याचेच नाव ‘आन-२२’ या विमानाला देण्यात आले. त्याला प्रत्येकी पंधरा हजार अश्वशक्तीची चार इंजिने होती. प्रत्येक इंजिनाला एकापुढे एक असे दोन पंखे असून ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. त्या वर्षी पॅरिसजवळ भरलेल्या विमानांच्या प्रदर्शनात हे विमान उतरले, तेव्हा ते त्या वेळचे जगातील सर्वांत मोठे विमान होते. दोन वर्षांनी त्याने शंभर टनांहून अधिक ओझे सात हजार आठशे मीटरहून अधिक उंचीवर नेले.

अशा यशांबरोबर दुःखाचे प्रसंगही येतात. ३१ मे १९७० रोजी दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात भयंकर भूकंप झाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पीडितांसाठी मदत घेऊन आन-२२ विमाने अटलांटिक महासागर ओलांडून निघाली. त्यांपैकी एक विमान वाटेतच समुद्रात नाहीसे झाले. त्यातील कोणीही परतले नाही.

दुसरा आघात १९७२ मध्ये झाला. आन-१२ बरोबरच आन्तोनोव्हांनी ‘आन-१०’ हे प्रवासी विमान तयार केले होते. मे महिन्यात खार्किव्ह नगराजवळ आन-१० चे पंख उड्डाणातच निखळले आणि १२२ माणसे प्राणांस मुकली. तार पुन्हा पुन्हा वाकविली, म्हणजे ती एकाएकी तुटते. त्याचप्रमाणे प्रत्येक उड्डाणात पंखांवर येणाऱ्या ताणामुळे आतील धातू थकत गेला होता आणि त्याला बारीक तडे पडले होते. त्यानंतर आन-१० विमानांची प्रवासी वाहतूक बंद करण्यात आली. विमानरचनाकाराच्या कागदावरील प्रत्येक रेषेवर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे या प्रसंगाने सर्वांनाच कठोरपणे शिकविले.

आन्तोनोव्ह केवळ यंत्रांत रमणारे गृहस्थ नव्हते. लहानपणी हस्तलिखित मासिकात चित्रे काढणारा त्यांचा हात पुढेही थांबला नाही. ते उत्तम चित्रे रंगवीत, लेख व पुस्तके लिहीत आणि टेनिस खेळत. त्यांना देशाचे मोठमोठे सन्मान मिळाले. परंतु मोठी विमाने बांधीत असतानाही ग्लायडरांवरील त्यांचे प्रेम कमी झाले नाही. १९६० मध्ये त्यांच्या रचनाशाळेने संपूर्ण धातूचे एक सुंदर ग्लायडर तयार केले.

उतारवयात त्यांच्या रचनाशाळेने आणखी एक विमान तयार केले. त्याचे नाव ‘आन-३२’. आपल्याकडे ते एएन-३२ असे लिहितात. उष्ण प्रदेशांत आणि उंच पर्वतांवर हवा विरळ असते. तेथे साधी विमाने हतबल होतात. म्हणून या विमानाला त्याच्या आकाराच्या मानाने फार शक्तिमान इंजिने दिली होती. त्यांचे पंखे मोठे असल्यामुळे इंजिने विमानाच्या पंखांच्याही वर बसवावी लागली. त्यामुळे हे विमान दुरूनही चटकन ओळखू येते. भारताला हिमालयातील ठाण्यांसाठी अशाच विमानाची गरज होती. १९८४ मध्ये ही विमाने भारतीय वायुदलात दाखल होऊ लागली आणि पुढे त्यांची संख्या शंभराहून अधिक झाली. ३१ मे २००८ रोजी अशाच एका विमानाने लडाखमधील दौलत बेग ओल्डी या पाच हजार मीटरहून अधिक उंचीवरील धावपट्टीवर उतरण्याचा पराक्रम केला. त्यापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे तेथे असे विमान उतरले नव्हते.

हे पाहण्यास आन्तोनोव्ह मात्र राहिले नव्हते. ४ एप्रिल १९८४ रोजी कीव्ह येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचनाशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांच्या पश्चात, १९८८ मध्ये त्याच रचनाशाळेने सहा जेट इंजिनांचे ‘आन-२२५’ हे महाकाय विमान उडविले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधील युद्धात कीव्हजवळच्या विमानतळावर ते एकमेव विमान नष्ट झाले.

काळाच्या ओघात मोठी यंत्रेही नाहीशी होतात. परंतु ज्या विचारातून ती जन्मास येतात, तो विचार टिकून राहतो. सर्वांच्या पुढे धावणारे विमान करावे, अशी इतरांची ईर्ष्या होती. जेथे दुसरे काहीच पोहोचत नाही, तेथे पोहोचणारे विमान करावे, ही आन्तोनोव्हांची आकांक्षा होती. वैमानिक होण्यास अपात्र ठरलेला तो सारातोव्हचा मुलगा स्वतः वैमानिक झाला नाही. पण वाट नसलेल्या गावांतील रोग्यांना, बर्फात अडकलेल्या माणसांना आणि हिमालयाच्या शिखरांवर पहारा देणाऱ्या जवानांना त्याने पंख मिळवून दिले. नातवाच्या हाती विमानाची ती छोटी प्रतिकृती देणाऱ्या आजीचा विश्वास अशा रीतीने सार्थ झाला.